यूजरच्या आकड्यात दडलेला गेस्ट टाइम: केव्हीएम होस्टवर प्रत्येक व्हीएमचा सीपीयू नेमका कसा मोजायचा

जळगाव एमआयडीसीतली डाळमिल असो, सावद्याहून केळी पाठवणारी पेढी असो की धुळ्यातली पतसंस्था, एकाच सर्व्हरवर तीन-चार व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवायची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. एकात टॅली, दुसऱ्यात डेटाबेस, तिसऱ्यात वजनकाट्याचं नाहीतर हजेरीचं सॉफ्टवेअर. तक्रार आली की होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, ‘टॉप’ (सीपीयू कोण वापरतंय ते दाखवणारा आदेश) लावला जातो, यूजरच्या रकान्यात ७० टक्के दिसतात आणि होस्टवरचा कुठला प्रोग्रॅम एवढं खातोय याची शोधाशोध सुरू होते. ही शोधाशोध चुकीच्या जागी होते. त्या ७० टक्क्यांतला मोठा वाटा बहुतेक वेळा व्हीएमच्या आत चाललेल्या कामाचा असतो आणि लिनक्स तो वेगळा मोजूनही ठेवतं. फक्त तो कुठे मोजला आहे आणि कशात मिसळला आहे, हे माहीत हवं.

हा लेख लिनक्सच्या केव्हीएम होस्टसाठी आहे. केव्हीएम म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधलीच (गाभ्यातलीच) व्हीएम चालवण्याची सोय. व्हीएम सांभाळायला साधं लिबव्हर्ट असो की प्रॉक्समॉक्स, हिशेब तोच. आदेश, फाइली आणि रकान्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाकायची.

गेस्ट टाइम म्हणजे कोणता वेळ

गेस्ट म्हणजे व्हीएमच्या आत चालणारी यंत्रणा. केव्हीएममध्ये प्रत्येक व्हीएम म्हणजे होस्टवरची एक क्यूईएमयू (व्हीएमला उपकरणं पुरवणारा प्रोग्रॅम) प्रक्रिया आणि तिचा प्रत्येक व्हीसीपीयू, म्हणजे व्हीएमला दिलेला आभासी सीपीयू, हा त्या प्रक्रियेतला एक थ्रेड. हा थ्रेड सीपीयूवर असताना तीनपैकी एका ठिकाणी असतो. एक, तो गेस्टचा कोड थेट प्रोसेसरवर चालवत असतो. दोन, गेस्टने असं काही मागितलेलं असतं की प्रोसेसर गेस्टमधून बाहेर येतो (याला एक्झिट म्हणतात) आणि होस्टचं कर्नल ती मागणी निस्तरत असतं. तीन, कर्नललाही ती निस्तरता आली नाही म्हणून काम क्यूईएमयूच्या स्वतःच्या कोडकडे गेलेलं असतं. पहिला वेळ गेस्ट टाइम, दुसरा सिस्टिम, तिसरा यूजर.

गोंधळ पहिल्यात आहे. गेस्ट टाइम स्वतःच्या रकान्यात लिहिला जातोच, शिवाय तोच वेळ यूजरमध्येही धरला जातो. गेस्टचा रकाना कर्नल २.६.२४ मध्ये, म्हणजे २००८ च्या सुरुवातीला आला. त्याआधीच्या साधनांना हा रकाना ठाऊकच नव्हता, त्यामुळे यूजरमध्ये तो वेळ धरला गेला म्हणून त्यांची बेरीज १०० टक्के जुळत राहिली. कमी प्राधान्याने म्हणजे नाइस लावून चालवलेल्या व्हीएमसाठी २.६.३३ मध्ये गेस्ट-नाइस हा आणखी एक रकाना आला. तो नाइसच्या पोटात असतो.

पायरी पहिली: आपण होस्टवरच आहोत ना

हे विचारणं बाळबोध वाटेल, पण दोन-तीन एसएसएच खिडक्या उघड्या असल्या की चूक सहज होते. ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ चालवा. खऱ्या मशीनवर ‘नन’ येईल, व्हीएमच्या आत असाल तर ‘केव्हीएम’ किंवा दुसऱ्या हायपरवायजरचं (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव येईल. व्हीएमच्या आत गेस्टचा रकाना शून्यच असायला हवा. तिथे शून्याहून मोठा आकडा दिसला तर त्या व्हीएमच्या आत आणखी एक व्हीएम चालू आहे, म्हणजे नेस्टेड प्रकार आहे, आणि मग पुढचा सगळा हिशेब दोन मजल्यांवर वेगवेगळा करावा लागतो.

पायरी दुसरी: ‘/प्रोक/स्टॅट’ स्वतः वाचा

साधनांकडे वळण्याआधी मूळ फाइल एकदा हाताने वाचलीच पाहिजे. पहिली ओळ ‘सीपीयू’ या शब्दाने सुरू होते आणि पुढे दहा आकडे असतात. त्यांचा क्रम पक्का आहे: यूजर, नाइस, सिस्टिम, आयडल (रिकामा), आयओवेट (डिस्कची वाट बघत रिकामा), आयआरक्यू आणि सॉफ्टआयआरक्यू (उपकरणांच्या हाका निस्तरणं), स्टील (व्हीएमला सीपीयू हवा असूनही न मिळालेला वेळ), गेस्ट, गेस्ट-नाइस. एकक साधारणपणे सेकंदाचा शंभरावा भाग. ‘गेटकॉन्फ सीएलके_टीसीके’ चालवल्यावर १०० आलं की खात्री झाली. सगळे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून एकटं वाचन काहीच सांगत नाही. दोन वाचनं घ्यायची आणि फरक काढायचा.

उदाहरणादाखल आठ सीपीयूंच्या होस्टवर दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या या दोन ओळी बघा:

पहिली: ४८२३१० १२० ९६५४० २९०३११० ८४५० ० ३१२० ० ३९१२०० ०

दुसरी: ४८६९१० १२० ९७१८० २९०५७९० ८४९० ० ३१६० ० ३९५२०० ०

फरक असे येतात: यूजर ४६००, सिस्टिम ६४०, आयडल २६८०, आयओवेट ४०, सॉफ्टआयआरक्यू ४०, गेस्ट ४०००, बाकी शून्य. पहिल्या आठ रकान्यांची बेरीज ८०००. आठ सीपीयू, दहा सेकंद, सेकंदाला १०० एककं, म्हणजे ८००० बरोबर जुळले. होस्टचा स्वतःचा यूजर ४६०० वजा ४००० म्हणजे ६००, अर्थात ७.५ टक्के. गेस्ट ५० टक्के, म्हणजे चार सीपीयूभर काम व्हीएमच्या आत. सिस्टिम ८, आयडल ३३.५, आयओवेट आणि सॉफ्टआयआरक्यू अर्धा-अर्धा टक्का.

आता हमखास होणारी चूक. स्क्रिप्टमध्ये दहाही रकाने मिळवून एकूण काढलं तर छेद ८००० ऐवजी १२००० होतो आणि आयडल ३३.५ ऐवजी २२.३ टक्के दिसतो. केळीने भरलेला ट्रक काट्यावर चढला की येणाऱ्या वजनात माल आलेलाच असतो. त्यात मालाचं वजन पुन्हा मिळवलं तर पावती खोटी ठरते. छेदात पहिले आठच रकाने घ्या, यूजरमधून गेस्ट वजा करा, नाइसमधून गेस्ट-नाइस वजा करा. स्क्रिप्ट कुणाचीही असो, एवढ्या तीन गोष्टी तिच्यात आहेत का ते आधी तपासा.

दोन बारीक पण उपयोगी सूचना. छेद म्हणून ‘दहा सेकंद’ धरू नका, रकान्यांच्या फरकांची बेरीजच धरा. स्क्रिप्टमधली झोप कधीच बरोबर दहा सेकंदांची नसते. आणि आयओवेटचा आकडा काही परिस्थितीत मागेही जातो. फरक ऋण आला तर तो शून्य धरा, नाहीतर आलेखात विचित्र सुळके दिसतात.

पायरी तिसरी: कोणतं साधन काय दाखवतं

इथे सरसकट नियम नाही, प्रत्येकाची रीत वेगळी. ‘टॉप’च्या वरच्या ओळीतल्या यूएसमध्ये गेस्ट मिसळलेला असतो. ‘आयओस्टॅट’च्या यूजरमध्येही तसंच. ‘एचटॉप’ गेस्ट यूजरमधून वेगळा काढतो, पण साध्या पट्टीत तो स्टीलबरोबर एकाच रंगात येतो; सेटअपमध्ये सीपीयूचा सविस्तर वेळ दाखवण्याचा पर्याय चालू केला तरच त्याला स्वतःचा रंग मिळतो.

सर्वांत सरळ साधन म्हणजे सिसस्टॅट पॅकेजमधलं ‘एमपीस्टॅट’. ‘एमपीस्टॅट -पी ऑल १०’ (पी कॅपिटल) चालवलं की प्रत्येक सीपीयूची ओळ येते, तिच्यात यूएसआर, गेस्ट आणि जीनाइस हे रकाने वेगळे असतात आणि यूएसआरमधून गेस्ट वजा केलेला असतो. त्याच पॅकेजमधल्या ‘सार’च्या बाबतीत मात्र सावध राहा. ‘सार -यू’ दिलं तर जो ‘यूजर’ रकाना येतो त्यात गेस्ट धरलेला असतो. ‘सार -यू ऑल’ दिलं तर ‘यूएसआर’ येतो आणि त्यात तो नसतो. एकच मशीन, एकच मिनिट, दोन वेगळे आकडे, आणि दोन्ही बरोबर. मासिक अहवालात एका महिन्यात एक आणि दुसऱ्या महिन्यात दुसरा वापरला गेला तर वापर अचानक ४० टक्क्यांनी घटल्याचा भास होतो. संस्थेत एकच रीत ठरवा आणि अहवालावर ती लिहून ठेवा.

आकडे गोळा करायला प्रोमिथियस वापरत असाल तर त्याला होस्टचे आकडे पुरवणाऱ्या नोड एक्सपोर्टरमध्ये गेस्टसाठी स्वतंत्र मेट्रिक आहे, ज्यात मोड यूजर आणि नाइस अशा दोन मालिका येतात. सीपीयूच्या मुख्य मेट्रिकमधल्या यूजर मालिकेत गेस्ट धरलेलाच असतो. ग्राफानात (आलेख काढणाऱ्या साधनात) एकावर एक थर लावताना मुख्य यूजरमधून गेस्टचा दर वजा करून एक थर आणि गेस्टचा दुसरा थर असं लावा. दोन्ही तसेच लावले की पट्टी १०० च्या वर जाते.

पायरी चौथी: कोणती व्हीएम, कोणता थ्रेड

होस्टचा एकूण गेस्ट टाइम कळला तरी खरा प्रश्न उरतोच: कोणाचा? आधी व्हीएमचा प्रक्रिया क्रमांक काढा. प्रॉक्समॉक्सवर तो ‘/व्हार/रन/क्यूईएमयू-सर्व्हर’ फोल्डरमध्ये व्हीएमच्या क्रमांकाच्या पीआयडी फाइलीत असतो. लिबव्हर्टवर ‘/रन/लिबव्हर्ट/क्यूईएमयू’ मध्ये व्हीएमच्या नावाची पीआयडी फाइल असते. क्रमांक मिळाला की ‘पिडस्टॅट -यू -टी -पी’ आणि पुढे तो क्रमांक व १० असं द्या. यातला टी महत्त्वाचा, त्याच्यामुळे थ्रेड सुटे दिसतात. व्हीसीपीयूच्या थ्रेडचं नाव ‘सीपीयू ०/केव्हीएम’, ‘सीपीयू १/केव्हीएम’ असं असतं.

प्रत्येक थ्रेडसमोर यूएसआर, सिस्टिम, गेस्ट आणि नव्या आवृत्त्यांत वेट हे रकाने येतात. समजा डेटाबेसच्या व्हीएमचा एक थ्रेड असा दिसला: यूएसआर ०, सिस्टिम ५, गेस्ट ८२, वेट १२. याचा अर्थ त्या व्हीसीपीयूने दर १०० भागांपैकी ८२ भाग गेस्टचं खरं काम केलं, ५ भाग एक्झिट निस्तरण्यात गेले आणि १२ भाग तो तयार असूनही रांगेत उभा होता. इथे व्हीएमच्या आत जाऊन जड क्वेरी शोधणं हे पहिलं काम, आणि रांग का लागली ते दुसरं.

दुसरा नमुना: गेस्ट ४०, सिस्टिम २५. हे प्रमाण वाईट. व्हीएम काम करते त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ होस्टचं कर्नल तिच्या मागण्या पुरवतंय. ‘पर्फ केव्हीएम स्टॅट लाइव्ह’ चालवा (रूट लागतं), एक्झिटची कारणं आणि प्रत्येकाला लागलेला वेळ समोर येतो. यादीत एचएलटीचा (गेस्टने ‘काम नाही’ म्हणून थांबण्याचा) वेळ खूप मोठा दिसेल, त्याला घाबरू नका. त्यात व्हीसीपीयू झोपलेला असल्याचा वेळही येतो. आयओ, एमएसआर (प्रोसेसरची खास रजिस्टरं) लिहिणं आणि ईपीटी उल्लंघन (गेस्टच्या मेमरीच्या नकाशातली अडचण) यांची संख्या बघा.

तिसरा नमुना: व्हीसीपीयूच्या थ्रेडवर यूएसआर १०-१५ टक्के. हे क्यूईएमयू एखाद्या उपकरणाची नक्कल करत असल्याचं लक्षण. व्हीएम बनवताना डिस्क आयडीई आणि नेटवर्क कार्ड ई१००० ठेवलं की हेच होतं. उपाय म्हणजे दोन्ही व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेला उपकरणांचा प्रकार) करणं. पण विंडोजच्या व्हीएमवर बूट डिस्क थेट बदलू नका. ड्रायव्हर नसल्याने विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. आधी १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ म्हणून जोडा, विंडोजमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाका, ती डिस्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये नीट दिसली की व्हीएम बंद करून मग बूट डिस्कचा प्रकार बदला.

व्हीसीपीयूच्या थ्रेडशिवाय आणखी खर्च असतो, तो विसरायचा नाही. क्यूईएमयूचा मुख्य थ्रेड, आयओथ्रेड आणि नेटवर्कसाठीचे ‘व्हीहोस्ट’ थ्रेड यांचा वेळ गेस्टमध्ये कधीच येत नाही. कर्नलच्या आवृत्तीनुसार व्हीहोस्ट थ्रेड क्यूईएमयूच्या प्रक्रियेत दिसतात किंवा वेगळे कर्नल थ्रेड म्हणून दिसतात. रात्री बॅकअप नेटवर्कवरून जात असताना गेस्ट १० टक्के आणि होस्ट दमलेला, असं चित्र याचमुळे दिसतं.

पिडस्टॅटऐवजी स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर हा सापळा लक्षात ठेवा. प्रक्रियेच्या किंवा थ्रेडच्या ‘स्टॅट’ फाइलीत गेस्ट टाइम ४३ व्या जागी असतो, यूजर १४ व्या आणि सिस्टिम १५ व्या. पण दुसऱ्या जागी कंसात थ्रेडचं नाव असतं आणि ‘सीपीयू ०/केव्हीएम’ या नावात मधे मोकळी जागा आहे. मोकळ्या जागेवर तोडून ४३ वा तुकडा उचलला की एक घर चुकतं आणि स्क्रिप्ट बिनतक्रार भलताच आकडा देत राहते. ओळ शेवटच्या बंद कंसापाशी कापा आणि त्यानंतरचे तुकडे मोजा: यूजर १२ वा, सिस्टिम १३ वा, गेस्ट ४१ वा.

याच जागी आणखी एक गोष्ट खटकेल. थ्रेडचा गेस्ट कधीकधी त्याच्या यूजरपेक्षा किंचित जास्त निघतो आणि वजाबाकी ऋण येते. कारण असं की थ्रेडचा यूजर आणि सिस्टिम कर्नल अचूक धावण्याच्या वेळेशी जुळवून दाखवतं, गेस्ट मात्र जसा टिकवर (कर्नल ठरावीक अंतराने करतं त्या तपासणीवर) मोजला तसाच देतं. ऋण आलं तर शून्य धरा आणि खिडकी १० सेकंदांऐवजी ३० किंवा ६० ची करा.

पायरी पाचवी: रांगेत गेलेला वेळ

‘सर्व्हर हळू झाला’ या तक्रारीचं उत्तर गेस्ट टाइममध्ये अर्धंच असतं. उरलेलं अर्धं व्हीसीपीयू किती वेळ रांगेत उभा राहिला यात असतं, आणि ही पायरी गाळली जाते म्हणून लोक गरज नसताना नवा सर्व्हर घेतात.

प्रक्रियेच्या फोल्डरमध्ये ‘टास्क’ नावाचा उपफोल्डर असतो, त्यात प्रत्येक थ्रेडच्या क्रमांकाचा फोल्डर, आणि त्यात ‘स्केडस्टॅट’ फाइल. तिच्यात तीनच आकडे: सीपीयूवर धावलेला वेळ, रांगेत थांबलेला वेळ आणि किती वेळा धावला. पहिले दोन नॅनोसेकंदांत. प्रक्रियेच्या मुख्य फोल्डरमधली स्केडस्टॅट वाचून भागत नाही, ती फक्त मुख्य थ्रेडची असते, व्हीसीपीयूंची नसते.

दहा सेकंदांत दुसरा आकडा १,२०,००,००,००० ने वाढला तर थ्रेड १.२ सेकंद रांगेत होता, म्हणजे १२ टक्के. आणि हाच आकडा व्हीएमच्या आत स्टील म्हणून दिसतो. दोन्हींचा मेळ बसणं हा योगायोग नाही: केव्हीएम व्हीसीपीयू थ्रेडचा रांगेतला वेळ घेऊनच गेस्टला स्टीलचा आकडा पुरवतं. म्हणून लिनक्सच्या व्हीएममध्ये ‘एमपीस्टॅट’ लावून स्टील बघा आणि होस्टवरच्या आकड्याशी ताडून पाहा. साधारण जुळले तर मोजमाप विश्वासार्ह. व्हीएमवर सीपीयूची कमाल मर्यादा घातली असेल तर त्या मर्यादेमुळे थोपवलेला वेळही स्टीलमध्ये येतो, तेव्हा होस्टवर गर्दी नसताना स्टील दिसलं तर आधी त्या व्हीएमच्या सीग्रुपच्या (मर्यादा घालण्यासाठी कर्नलने केलेल्या प्रक्रियांच्या गटाच्या) ‘सीपीयू.स्टॅट’मधला थ्रॉटलचा आकडा वाढतोय का ते बघा.

विंडोजच्या व्हीएममध्ये मात्र टास्क मॅनेजर स्टील दाखवत नाही. टॅलीची व्हीएम रांगेत अडकली तरी आतून सगळं आलबेल दिसतं, फक्त एंट्री टाकताना कर्सर थांबतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान कार्यालयांत मुख्य व्हीएम विंडोजचीच असते. त्यामुळे तिथे होस्टवरची स्केडस्टॅट हाच एकमेव खरा साक्षीदार, आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या दिवसांत, तो वाचून ठेवलाच पाहिजे.

ढोबळ नियम असा ठेवा: कोणत्याही व्हीसीपीयूचा रांगेतला वेळ पाच मिनिटं सलग ५ टक्क्यांच्या वर राहिला तर लक्ष घाला, १० च्या वर गेला तर वापरणाऱ्याला तो जाणवतोच. उपाय करताना आधी व्हीसीपीयू कमी करायचा विचार करा, वाढवायचा नाही. आठ सीपीयूंच्या होस्टवर चार व्हीएमना प्रत्येकी आठ दिले की सगळ्या एकमेकींच्या वाटेत येतात. ज्या व्हीएमचा गेस्ट टाइम आठवडाभरात कधीही दीड सीपीयूच्या वर गेला नाही, तिला दोन पुरतात.

आकडे कुठे फसवतात

व्हीएम आतून निवांत, पण होस्टवर तिच्या थ्रेडचा सिस्टिम वेळ १०-१५ टक्के. हे बहुधा हॉल्ट पोलिंग. गेस्टने ‘काम नाही’ म्हटल्यावर केव्हीएम लगेच झोपत नाही, थोडा वेळ टक्क जागं राहून नवं काम येतंय का पाहतं. मर्यादा केव्हीएम मॉड्यूलच्या ‘हॉल्ट_पोल_एनएस’ या पॅरामीटरमध्ये असते, एक्स८६ वर मूळ किंमत २,००,००० नॅनोसेकंद. ती शून्य केली तर सिस्टिम वेळ खाली येतो, पण डेटाबेससारख्या सतत जागणाऱ्या कामांचा प्रतिसाद थोडा मंदावतो. ज्या होस्टवर नुसत्याच पडून असलेल्या व्हीएम जास्त, तिथेच हे करा.

याच्या उलट प्रकार: होस्टवर गेस्ट १०० टक्के आणि व्हीएमच्या आत ९८ टक्के आयडल. गेस्टच्या कर्नलला बूट करताना ‘आयडल=पोल’ दिलेलं असलं की गेस्ट झोपतच नाही, रिकामा फिरत राहतो. होस्टच्या दृष्टीने ते कामच. होस्टचा गेस्ट टाइम म्हणजे गेस्टने सीपीयू धरून ठेवल्याचा वेळ; त्याने काही उपयोगाचं केलं की नाही, हे होस्टला कळत नाही.

विंडोजची व्हीएम काहीही न करता होस्टचे ८-१० टक्के खात असेल तर तिला हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायजरच्या) पद्धतीच्या सोयी, विशेषतः एचव्ही-टाइम, सिनिक आणि एसटायमर, दिल्या आहेत का ते तपासा. त्या नसल्या की विंडोज जुन्या पद्धतीच्या टायमरवर चालतं आणि प्रत्येक वाचनाला एक्झिट होतो. प्रॉक्समॉक्समध्ये ओएसचा प्रकार विंडोज असा बरोबर निवडला की यातलं बहुतेक आपोआप लागतं. ‘अदर’ निवडून ठेवलेली व्हीएम इथे मार खाते.

टिकवरचं मोजमाप हे मूळ अंदाजी आहे. कर्नलचा टिक २५० हर्ट्झचा असेल तर दर ४ मिलिसेकंदांनी ‘आत्ता कोण चालू आहे’ एवढंच बघितलं जातं. दोन टिकांच्या मधे जागून परत झोपणारा व्हीसीपीयू हिशेबातून निसटतो. शंका आली तर स्केडस्टॅटचा पहिला आकडा घ्या. तो टिकवर अवलंबून नाही. त्यात आणि यूजर-सिस्टिम-गेस्टच्या चित्रात मोठी तफावत असेल तर स्केडस्टॅटवर विश्वास ठेवा.

व्हीएम बंद करून चालू केली की तिचे सगळे आकडे शून्यापासून सुरू होतात आणि फरक ऋण येतो. स्क्रिप्टने प्रक्रिया क्रमांक बदलला का ते आधी बघावं, बदलला तर ते वाचन टाकून द्यावं.

उन्हाळ्यातला गेस्ट टाइम

खानदेशात हा मुद्दा वेगळा लिहावाच लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी वीज गेली की सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहतो पण एसी बंद पडतो, आणि अर्ध्या तासात खोलीची भट्टी होते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. गेस्ट टाइम घड्याळाचा वेळ मोजतो, काम मोजत नाही. ३.२ गिगाहर्ट्झवर दोन सेकंदांत होणारा हिशेब १.६ वर चार सेकंद घेतो आणि गेस्ट टाइम दुप्पट दिसतो. एकही एंट्री वाढलेली नसताना ‘लोड वाढला’ असा निष्कर्ष निघतो.

म्हणून मार्च ते जून गेस्ट टाइमच्या शेजारी दोन गोष्टी नोंदवाच. एक, ‘टर्बोस्टॅट’मधला बिझी मेगाहर्ट्झचा रकाना, म्हणजे कामात असताना प्रोसेसरचा खरा वेग. दोन, इंटेलच्या प्रोसेसरवर प्रत्येक सीपीयूच्या ‘थर्मल_थ्रॉटल’ फोल्डरमधला ‘कोअर_थ्रॉटल_काउंट’. हा काउंट दुपारी वाढत असेल तर व्हीएमशी खेळू नका. खोलीची हवा आणि सर्व्हरचे पंखे बघा. जिनिंगच्या आवारातल्या सर्व्हरमध्ये हंगाम संपेपर्यंत हीटसिंकच्या पात्यांत रुईचा थर बसतो, तो फेब्रुवारी-मार्चमध्येच ब्लोअरने काढून घ्या. आणि हायपरथ्रेडिंग चालू असेल तर एकाच कोअरचे दोन्ही थ्रेड १०० टक्के गेस्ट दाखवत असले तरी काम दोन कोअरएवढं होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

वीज परत आल्यावर सर्व व्हीएम एकदम उठतात तेव्हा पहिली १०-१५ मिनिटं गेस्ट आणि वेट दोन्ही आभाळाला टेकतात. ती वाचनं सरासरीत धरू नका. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला सुरू होण्याचा क्रम आणि मधलं अंतर देता येतं. लिबव्हर्टवर ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’च्या सेटिंगमध्ये ‘स्टार्ट_डिले’ आहे. डेटाबेस आधी, दोन मिनिटांनी टॅली, मग बाकीच्या.

दुसरा हायपरवायजर असेल तर

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर ‘ईएसएक्सटॉप’मधला आरडीवाय रकाना म्हणजे रांगेतला वेळ. व्हीसेंटरच्या रिअल-टाइम आलेखात तो मिलिसेकंदांत आणि २० सेकंदांच्या नमुन्यावर असतो, तेव्हा आकड्याला २०,००० ने भागून १०० ने गुणा आणि व्हीसीपीयूंच्या संख्येने भागा. हायपर-व्हीच्या होस्टवर टास्क मॅनेजर फक्त होस्टच्या स्वतःच्या पार्टिशनचा वापर दाखवतो; परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये हायपरवायजर लॉजिकल प्रोसेसर गटातला गेस्ट रन टाइम काउंटर लावल्याशिवाय व्हीएमचा खर्च दिसत नाही.

नोंद कशी ठेवायची

दर १५ सेकंदांना एक वाचन पुरतं. प्रत्येक व्हीएमसाठी चार आकडे जतन करा: व्हीसीपीयूंचा गेस्ट, व्हीसीपीयूंचा सिस्टिम अधिक यूएसआर, बाकी थ्रेडांचा एकूण खर्च, आणि सर्वांत जास्त थांबलेल्या व्हीसीपीयूचा वेट. वेटची सरासरी काढू नका. चारपैकी एकच व्हीसीपीयू ३० टक्के थांबला तर सरासरी ७.५ दिसते आणि त्याच व्हीसीपीयूवर चाललेलं काम मात्र रखडलेलं असतं. ‘सार’ मूळ सेटिंगवर दर १० मिनिटांना नोंद करतो, लांबच्या कलासाठी ते ठीक, पण दुपारच्या दोन मिनिटांच्या अडथळ्याचा त्यात मागमूस राहत नाही.

मोजमाप बरोबर बसलं की नाही याची चाचणी सोपी आहे. कामाची वेळ संपल्यावर एका लिनक्स व्हीएममध्ये ‘स्ट्रेस-एनजी’ने एक सीपीयू ६० सेकंद पूर्ण भरा. होस्टवर त्या व्हीएमच्या व्हीसीपीयूंच्या गेस्टची बेरीज १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवी; काम एका व्हीसीपीयूवरून दुसऱ्यावर सरकत राहिलं तरी बेरीज बदलत नाही. ‘/प्रोक/स्टॅट’मधला गेस्ट ६० सेकंदांत साधारण ६००० ने वाढायला हवा आणि तुमच्या आलेखातला एकूण थर १०० टक्क्यांवरच थांबायला हवा. थर वर गेला तर गेस्ट दोनदा धरला जातोय. गेस्ट शून्यच राहिला तर व्हीएम केव्हीएमशिवाय, नुसत्या सॉफ्टवेअर नकलेवर चालते आहे. बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू आहे का आणि ‘/डेव्ह/केव्हीएम’ अस्तित्वात आहे का, ते तपासा.